वांझ फुलांची भजी

ता. १४ जून १९३३

धुळ्याला शेतकी खात्याच्या फार्मावर आम्हा मास्तर लोकांना तीन आठवडे शिकवलं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात ही वही आणि गंगाफळाच्या, पुस्तकी भाषेत लाल भोपळ्याच्या, बियांची एक पुडी दिली. वेल वाढवायची, जे दिसेल ते लिहायचं, आणि भादव्यात धनसिंग भाऊ येऊन वेल आणि वही दोन्ही पाहणार. धनसिंग भाऊ म्हणजे आम्हाला शिकवणारे. त्यांचा आवाज असा की शेवटच्या रांगेतही डुलकी काढायची सोय नव्हती. माझा एकच पाठ चुकला. वेलींचा पाठ होता त्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि बाजारात जाऊन कुंदासाठी हिरवं लुगडं घेतलं. कपाशीचे पाठ मात्र शब्दन्‌शब्द उतरवून घेतले आहेत, त्यामुळे अडचण येऊ नये.

लुगडं घरी आलं ते मायच्या हातात पडलं. "ऱ्हाऊ दे, कामले यी," असं म्हणून तिनं ते पेटीत ठेवलं.

आज परसात मोरीचं पाणी जातं तिथं आळं केलं. बिया कुंदानं काल ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. लावायला ती पुढे झाली तशी माय म्हणाली, "तू नको. मी लावस." कुंदा मागे सरली. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मूल नाही, म्हणून तिचा हात पेरणीला लागू द्यायचा नाही अशी आमच्या घरची रीत आहे. मी दोन पावलांवर उभा होतो. आळ्यातले खडे वेचत राहिलो.

हे वहीत यावं की नाही ते कळत नाही. धनसिंग भाऊंसाठी वेगळी वही करीन. ही माझ्याजवळ राहू द्यावी.

ता. २१ जून

चारांपैकी तीन बिया उगवल्या. अंकुर मान वाकवून वर येतो, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं असतं, आणि दुपारपर्यंत दोन जाड पानं उघडून टोपी खाली पडते. चौथी बी उकरून पाहिली. मायनं ती उलटी लावली होती, तरी मूळ वळसा घेऊन खालीच निघालं होतं. मला फार आनंद झाला. कुंदाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले कोणी सांगं व्हतं, खाले जाय म्हनून?" याचं उत्तर माझ्या टिपणात नाही.

संध्याकाळी झुलाल मामा आले. मामा म्हणजे मायचे भाऊ, लग्नं जुळवण्यात पटाईत. पारोळ्याकडची एक मुलगी आहे म्हणाले. कुंदा आत भाकरी थापत होती आणि मामांचा आवाज काही हळू नव्हता. मायनं दिवाळीपर्यंतची मुदत घातली आहे. तोवर कुंदाला दिवस गेले नाहीत तर, "नवी करी लेसूत." म्हणजे माझं दुसरं लग्न. कुंदा मग इथंच राहील की तिच्या भावाकडे जाईल, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

कुंदाशिवाय घर मला नको आहे. पण मायसमोर माझी जीभ उचलत नाही, आणि एकुलत्या एक मुलानं वंश बुडवावा हेही मनाला पटत नाही. भाकरीचा आवाज मात्र थोडा वेळ थांबला होता.

ता. १७ जुलै

वेल कुंपणावर चढली. पहिली फुलं आली. पिवळी, ओंजळीएवढी, लांब देठाची. मी पळत मायकडे गेलो. तिनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "ती वांझ फुलं शेतस, भाऊ. त्यास्ले फळ नही धरस. नुसती वेलनी ताकद खातस." खरंच, फुलाच्या मागे फळाची खूण नव्हती, नुसता देठ. मायनं सगळी तोडली आणि बेसनात बुडवून भजी केली. मी चौदा खाल्ली. कुंदानं एकही खाल्लं नाही. तिला भजी आवडतात असं मला वाटत होतं.

ता. ३१ जुलै

काल श्रावणातली कानबाई देवी घरोघर बसली, आज विसर्जन. नैवेद्याला गंगाफळाची भाजी लागते आणि परसात एवढी वेल माजलेली असून मला धरणगावच्या बाजारातून गंगाफळ आणावं लागलं. शेजारच्या प्रमिलाबाई हसल्या. बायका कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर निघाल्या तेव्हा कुंदा उंबऱ्यातच थांबली. कोणी तिला थांब म्हटलं नाही. तिला सवय झाली आहे.

माय रोज उजाडायच्या आत परसात जाते आणि वांझ फुलं तोडून आणते. तिच्या बोटांची टोकं पिवळी झालेली असतात. हळदीच्या डब्याला झाकण घट्ट बसत नसावं. भजी मात्र सुरेख होतात.

ता. ६ ऑगस्ट

फळाचं फूल आलं! फुलाच्या मागे बोराएवढी हिरवी गोळी आहे, तिच्यावर बारीक लव. मायनं नजर लागू नये म्हणून वर फडकं धरलं. मी शाळेत दोनदा वर्ग सोडून पाहून आलो.

ता. ११ ऑगस्ट

गोळी पिवळी पडली आणि गळाली.

ता. १५ ऑगस्ट

आणखी तीन गळाल्या. शेण घालून पाहिलं, पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. कपाशीचं टिपण काढून बसलो. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की फुलात मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती पुंकेसर, एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही, पराग स्त्रीकेसरावर पडले की बोंड धरतं. गळालेलं फूल उकलून पाहिलं. मधे चिकट, तीन फाकींचं काहीतरी आहे, पण पराग कुठेच नाहीत. म्हणजे आमच्या वेलीत दोष आहे. की बी खराब? की धुळ्याचं बी आमच्या मातीला मानवत नाही? मग पानं एवढी का फोफावली? माझं डोकं चालेनासं झालं आहे.

मायला कारण लगेच सापडलं. "तुनी बायकोना हात लागना, वेल बसनी." बी लावताना नाही, पण भिजवताना तिचा हात लागला होता, हे तिनं आठवून काढलं. मी म्हटलं, असं काही नसतं. माय म्हणाली, मग काय असतं ते तू सांग, तू शिकून आला आहेस. मी कपाशीचं टिपण मिटून ठेवलं.

आजपासून कुंदाला परसात जायची बंदी. भांडी ती पुढच्या दारी घासते.

ता. १९ ऑगस्ट

कुंदा आज जेवण वाढताना म्हणाली की खिडकीतून तिनं पाहिलं, सकाळी भुंगे येतात, फळाच्या फुलात शिरतात आणि तसेच निघून जातात. "कोरडाच जातस," असं ती म्हणाली. मी म्हटलं, भुंग्यांचं आपल्याला काय करायचं आहे, इथं फळ धरत नाही ही चिंता आहे. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिला यातलं कळत नाही, तरी तिनं लक्ष घातलं हे मला बरं वाटलं.

ता. २५ ऑगस्ट

चार दिवस तापात होतो. मायनं उशाशी बसून कपाळावर घड्या घातल्या. म्हणाली, असा ताप तुला विसाव्या वर्षी, लग्नाआधी, गालफुगी झाली तेव्हा आला होता. मला आठवतं. गालांची सूज उतरली ती खाली उतरली आणि महिनाभर मला धड चालता येत नव्हतं. वैदू आला होता आणि मायला ओसरीवर नेऊन बराच वेळ बोलला होता. मी विचारलं, काय म्हणाला होता गं तो? माय म्हणाली, "काय म्हनी? पोऱ्या जगी म्हने." मग ती घडी बदलायला पाणी आणते म्हणून उठली. तांब्या भरलेला होता.

ता. ३ सप्टेंबर

आज धनसिंग भाऊ आले. लिहायला बरंच आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही.

माय देवळात गेली होती. मी त्यांना कालची उरलेली भजी दिली. त्यांनी एक तोंडात टाकलं, थांबले, दुसरं उकलून पाहिलं.

"मास्तर, ही फुलं कुठली?"

"वेलीची वांझ फुलं. आमच्या मातोश्री रोज तोडतात. वेलीला भार नको म्हणून."

"रोज? सगळी?"

"एकही ठेवत नाहीत," मी अभिमानानं म्हटलं.

ते हसायला लागले ते थांबेनात. मग डोळे पुसून म्हणाले, "अहो, तुम्ही वेलीच्या पाठाला कुठं होता?" मी पोटदुखीचं सांगितलं. ते म्हणाले, "गंगाफळाचं कपाशीसारखं नसतं. इथं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. तुम्ही ज्याला वांझ म्हणता ते नर. त्याची भुकटी भुंग्यानं नेऊन मादी फुलात टाकली तर फळ धरतं. तुम्ही सगळे नवरदेव तळून खाल्ले आणि नवरीला म्हणता फळ का धरत नाही."

मी म्हटलं, पण त्याला फळ धरत नाही, म्हणून तर वांझ म्हणतात. ते म्हणाले, "नराला कुठं धरतं फळ?" मला हे समजलं आणि समजलं नाही. माय लहानपणापासून वेली पाहते आहे. पण पूर्वी वेली शेतात असत, शंभर फुलांत कोण बघायला जातं. यंदा वेल घराजवळ, मायच्या डोळ्यासमोर होती.

आम्ही परसात गेलो. मायच्या हातून निसटलेलं एक नर फूल पानाखाली सापडलं, पण सकाळ टळून गेल्यानं कोमेजलं होतं. उद्या उजाडता करू म्हणाले आणि वस्तीला राहिले.

ता. ४ सप्टेंबर

उजाडता धनसिंग भाऊंनी मायला हात जोडून सांगितलं, "अक्का, आज एक दिवस फुलं राहू द्या." खात्याचा माणूस म्हणून तिनं पाटी खाली ठेवली आणि देवळात निघून गेली. त्यांनी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आत पिवळ्या भुकटीनं माखलेली दांडी राहिली. ही मादी फुलात फिरवायची. मी पुढे झालो, पण माझी बोटं फुलात शिरेनात. दारात कुंदा उभी होती. त्यांनी ती दांडी तिच्यापुढे धरली. "ताई, तुम्ही करा. बायकांचा हात हलका असतो."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी देवळाकडच्या वाटेकडे पाहिलं. मग ती आळं ओलांडून आत गेली आणि ती दांडी फुलात हळूच फिरवली. तिच्या बोटांची टोकं पिवळी झाली. ती हळद नव्हती तर.

ता. १० सप्टेंबर

गोळी लिंबाएवढी झाली. गळाली नाही. मायनं वाकून पाहिलं आणि आत गेली. अजून भजी होतात, पण थोडी. काही फुलं ती ठेवते, असं माझ्या लक्षात आलं आहे.

कुंदाला मी धनसिंग भाऊंचा सगळा पाठ समजावून सांगितला. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "तुमले एक इचारू का? नर फूलमा भुकटीच नसली, तर बाई फूलनं काय व्हस?"

मी म्हटलं, गळून पडतं.

"मग गळनं तर बाई फूलनं चुकनं का?"

मी म्हटलं, वेलींच्या गोष्टी वेलींपुरत्या, आणि शाळेला उशीर होतो. उशीर होत नव्हता. तिच्याशी तीन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं आहे. का ते मला नीट सांगता येणार नाही. राग आला एवढं खरं.

ता. १४ सप्टेंबर

चौथा दिवस. तीही बोलत नाही. गंगाफळ आता नारळाएवढं आहे. रात्री झोप लागत नाही. ताप नाही, तरी गालाला हात लावून पाहतो.

ता. १८ सप्टेंबर

मामांनी आज मला पारोळ्याकडे मुलगी पाहायला नेलं. मुदत दिवाळीची होती. मामा म्हणाले, नुसतं पाहायला काय हरकत आहे. मायनं मुलीला द्यायला म्हणून पेटीतलं हिरवं लुगडं माझ्या पिशवीत घातलं. कुंदा ओसरीवर ज्वारी निवडत होती. पिशवीतून लुगड्याचा काठ दिसत होता. ती मान खाली घालून निवडतच राहिली. मला त्या वेळी परत फिरायला हवं होतं. मी बैलगाडीत बसलो.

मुलगी सतरा-अठरा वर्षांची असेल. चहाची बशी देताना तिनं वर पाहिलं नाही. मामा म्हणाले, मास्तर, काही विचारायचं तर विचारा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. अंगणाच्या भिंतीवर गिलक्याची वेल होती, पुष्कळ गिलकी लागलेली. मी विचारलं, "वेलीची वांझ फुलं तोडता का?"

मामांनी कपाळाला हात लावला. मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "नही," ती म्हणाली. "ती तोडी टाकी, तर गिलकं कसं लागी?"

एवढ्याशा मुलीला माहीत होतं. आणि पुढच्या चार वर्षांत तिला परसात जायची बंदी होईल, पुढच्या दारी भांडी घासायला बसवतील, आणि मी खडे वेचत उभा राहीन, हे मला तिथं बसल्याबसल्या दिसलं.  तब्येत बरी नाही म्हणून उठलो. पोटदुखीच सांगितली. लुगडं पिशवीतच राहिलं.

ता. १९ सप्टेंबर

सकाळी माय परसात फुलं तोडत होती. मी जवळ गेलो. मामांचा निरोप रात्रीच पोचला होता, त्यामुळे ती पाठमोरीच होती. मी वर्गात बोलतो तशी तयारी केली होती, नर-मादीचे मुद्दे पाठ केले होते. त्यातलं काहीच आलं नाही. जे आलं ते घरच्या बोलीत आलं.

"माय, ते वांझ फूल मी शे."

ती थांबली. हातातलं फूल तसंच राहिलं. मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. मी म्हटलं, मला खात्री नाही, कोणाला असेल तेही माहीत नाही, पण कुंदाची खात्री तरी कोणी केली होती?

ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"गालफुगी खाले उतरनी, तवयच वैदूनी सांगं व्हतं. याले पोरं व्हवाव नहीत म्हने."

दहा वर्षं. मी विचारलं, मग कुंदाला का बोललीस? सगळं गाव तिला बोलत होतं तेव्हा गप्प का राहिलीस? तुला काहीच का वाटलं नाही?

ती माझ्याकडे न पाहता बोलली. "बाईले शब्द शे, भाऊ. बठ्ठा गावले ठाऊक शे तो. माणूसले शब्दच नही. मी तुले काय म्हनाले पाहिजे व्हतं?"

 मी खूप शब्द आठवून पाहिले, संस्कृतसुद्धा. पुस्तकात असतील, पण आमच्या गल्लीत ओरडून म्हणण्यासारखा एकही नाही. मला मायचा फार राग आला आणि तिची दयाही आली, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळलं नाही. तिनं हातातलं फूल वेलीवर परत ठेवायला गेल्यासारखं केलं आणि मग पाटीत टाकलं.

ता. २० सप्टेंबर

कुंदाला सगळं सांगितलं. वैदूचंही. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून खूप रडली. नऊ वर्षांचं रडली. मी तिच्यासमोर बसून राहिलो. मग हिरवं लुगडं पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, "तिले दिन्हं नही?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच घेतलं होतं, त्यापायी तर पाठ चुकला. ती रडता रडता हसली. माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

ता. २३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मामा यंदा आले नाहीत.

गंगाफळ पिकलं. देठ वाळला, नखानं दाबलं तर साल दबत नाही. आज मायनं ते काढून ओसरीवर आणलं. आमच्याकडे सबंध गंगाफळावर बाईनं पहिला वार करायचा नाही. घरातल्या पुरुषानं आधी फोडायचं, मग बायकांनी चिरायचं. मी बाह्या सावरून बसलो आणि विळ्यासाठी हात पुढे केला.

मायनं विळा धरून ठेवला. मग माझ्या डोक्यावरून मागे पाहत म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. कुंदा फोडी."

कुंदा हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती.  मग आली, विळा घेतला, गंगाफळ पायानं नीट टेकवलं आणि एका घावात दोन केलं. आत बियाच बिया होत्या. मायनं वाकून दोन्ही हातांनी बिया काढल्या आणि वाळवायला कुंदाच्या ओंजळीत दिल्या. पुढच्या जूनमध्ये कोण लावणार ते तिनं सांगितलं नाही.

माझा अपमान झाला की कुंदाचा मान झाला, यावर मी संध्याकाळपर्यंत विचार केला. कुंदाला विचारलं तर ती म्हणाली, "जेवी ल्या." भाजी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.